रानतुळशीला निळं फूल

तेलगाव
१० जुलै २०२४

अमीरबी,

तुझं पाकीट मिळालं. तौसीफ फळाचा टेम्पो घेऊन माजलगावला चाललता, सांगितल्यापरमाणे फाट्यावर सुंदररावाच्या हॉटेलात ठेवून गेला. तुझं लेकरू लई गुणाचं हाय. मी परळी सोडून इकडं गावी आले तवापासून त्यानं एकबी पाकीट हरवलं न्हाई. घरी आणून देऊ का मावशी, म्हणतो. मीच म्हणते, कशाला बाबा आत येतोस, गल्ल्या अरुंद हायत, फाट्यावरच ठेव.

आता तुझ्या पानाचं. पेपरात दाबून वाळवून पाठवलंस आन वर लिहिलंस, "मोरीपाशी आपोआप उगवलंय, ओळख." यात ओळखायचं काय हाय बये? तांदुळजा. दुसरं तिसरं काही न्हाई. कवळे देठ खूड आन लसूण-मिरचीत परत. गुडघे गेले तरी माझी नजर अजून शाबूत हाय.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. पत्रात पानाच्या दोन ओळी आन त्या संस्कृती मास्तरणीची दोन पानं! माझ्या खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या, माझ्या कुंड्यांना ती पाणी घालती, शाळेत शिकवती, सुट्टीला बायका गोळा करून डोंगरावर झाडं ओळखायला नेती, तुला हाताला धरून वर चढवलं, तुझ्यासाठी थर्मासात चहा आणलता. अगं बाई गं! मी इतकी वर्षं तुझ्या भिंतीला भिंत लावून राहिले. भिंतीवरून वाट्या दिल्या-घेतल्या. नाल्याच्या कडंला, रुळाच्या कडंला जे काही उगवंल ते चुरगाळून वास घ्यायला तुला कुणी शिकवलं? माझं असं गुणगान तू कुणाला लिहून कळवलंतंस का कधी?

नव्याचे नऊ दिवस असतात, एवढं ध्यानात ठेव.

बाकी आमच्याकडं बरं चाललंय. कापूस गुडघ्याला लागलाय. राम आन सूनबाई करिष्मा मजेत हायत. थोरली जाऊ गीताबाई रोज सकाळी माझ्या चुलीपाशी येऊन बसती आन माझ्या भाजीला नाक मुरडती. तेवढं झालं की तिचा दिवस उजाडतो.

तुझी
वच्छला


परळी वैजनाथ
१९ जुलै २०२४

वच्छला,

सलाम. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. गाड्यावर केळी मांडता मांडता म्हणले, "वच्छलाबाईच्या पोटात दुखतंय, ओवा पाठव." म्हणून सोबत ओव्याची पुडी पाठवली हाय. गरम पाण्यासंगं घे.

आता रागावू नको. ते पान तांदुळजा न्हाई. मी पण तुझं ऐकून खुडायलाच बसलते, तर संस्कृती म्हणली, "काकू, घाई कावून करता? फुलावर येऊ द्या." थांबले. आलं फुलावर. लांब सडपातळ दांडी आन तिच्यावर बारीक गुलाबी तुरा. तांदुळज्याला असा तुरा असतो का गं? कुंजर हाय ते. भाजी दोन्हीची होती, त्यामुळं तू सांगितलंस तसं परतलंच म्हणा, आन झाली बी झकास. पण नाव चुकलं तुझं. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

ती पोरगी लई हुशार हाय वच्छला. कोणतं झाड आपल्या मातीचं आन कोणतं परमुलखातून आलेलं, हे ती चटाचटा सांगती. मला वाटायचं घाणेरी आपलीच, बांधाबांधाला हाय. ती म्हणती, न्हाई, बाहेरून आली आन आपल्या झाडांची जागा खाऊन बसली. गाजरगवत तसलंच. गेल्या रविवारी डोंगरावर खडकाच्या फटीत बोटाएवढ्या हिरव्या काड्या दिसल्या, शिंगावानी, पान एक न्हाई. आमाला कुणालाच ओळखंना. ती गुडघ्यावर बसली, हात न लावता बघितलं आन म्हणली, माकडशिंगी. उपटू नका, आता फार थोड्या जागी राहिली हाय.

तुझी तुळस जोरात हाय. तीच पाणी घालती.

अमीरबी


तेलगाव
२८ जुलै २०२४

अमीरबी,

ओवा मिळाला. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, तुमचाच घसा गाड्यावर ओरडून बसलाय, तुमीच चावा.

मला एक सांग. मला वाळकं पान पाठवायचं, ते बी पेपरात दाबून चपाती झालेलं, आन तिला मोरीपाशी नेऊन जितंजागतं झाड दाखवायचं, वर ती फुलावर येईस्तोवर थांबायचं. मग वच्छला चुकली म्हणून नगारा वाजवायचा. ही कुठली रीत हाय? मला तो तुरा दाखवला असतास तर मी झोपेत कुंजर म्हणलं असतं. आन माकडशिंगीचं कौतुक तू मला सांगतीस? लहानपणी गुरं वळताना मिठासंगं कराकरा खाल्ली हाय मी. तुझी मास्तरीण नाव सांगंल, चव सांगंल का?

घाणेरी बाहेरून येऊन दुसऱ्याची जागा खाती, म्हणती ना ती? मग तिला आरसा दे. माझ्या खोल्यांत राहती, माझ्या तुळशीला पाणी घालती आन माझ्या मैत्रिणीला घेऊन डोंगर चढती.

हो, जळते मी. लिहूनच टाकते, म्हणजे तुझ्या ह्यांना ओवा तोलायचा तरास नको. आजवर तुला काही अडलं तर तू भिंतीवरून हाक मारायचीस, "वच्छला, हे काय गं?" आता ती हाक तिला जाती. गावी येऊन माझं काय उरलं? रामचा संसार रामचा, चूल सुनेची. मला इचारणारी तू एकटी होतीस.

जाऊ दे. सोबत एक फांदी पाठवते. आमच्या माळावर, विहिरीच्या वरच्या अंगाला एकच झाड हाय. पान चुरगाळलं तर तुळशीचा वास येतो आन फूल बघ कसं निळंशार! गावात कुणालाच ओळखंना. मला बी न्हाई ओळखू येत, हे लिहिताना हात जड झालाय. तुझ्या संस्कृतीला दाखव. एवढी हुशार हाय तर सांगू दे नाव.

पाकीट जपून उघड. फांदी लई नाजूक हाय, ओल लागू देऊ नको.

वच्छला


परळी वैजनाथ
६ ऑगस्ट २०२४

वच्छला!

या अल्ला, काय पाठवलंस गं तू!

तुझी फांदी संस्कृतीला दिली. तिनं पेपर उघडला, भिंग लावलं आन एकदम तोंडावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं पोरीच्या. मग म्हणली, "काकू, असं झाड मी जन्मात बघितलं न्हाई." तिची शपथ, हेच शब्द.

आता तर ती हटूनच बसली हाय. म्हणती, झाड जागेवर बघायलाच पाहिजे. आमी बायकांनी जीप ठरवली. एक सप्टेंबरला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, रविवार हाय. सकाळी निघालो की उन्हाच्या आत तेलगावला. एक पेपरवाला बी येतो म्हणतोय, फोटो काढायला. तुझा विहिरीपाशी उभा फोटो काढणार, झाडाशेजारी. नवं झाड सापडलं की सापडवणाऱ्याचं नाव देतेत म्हणं. काय सांगावं, जगभरच्या पुस्तकांत वच्छलाबाई लागंल!

झाडाला कुंपण घालून ठेव. शेळ्या-बिळ्या जाऊ देऊ नको.

तुझीच
अमीरबी


तेलगाव
१३ ऑगस्ट २०२४

अमीरबी,

तू शेळ्यांचं लिहिलंस आन तुझं तोंड जणू लागलं. झाड शेळीनं खाल्लं. पार बुडापासून. मी काठी घेऊन धावले पण तोवर शेळी रवंथ करत बसलती. त्यामुळं आता येण्यात काही अर्थ न्हाई. जीप फुकट जाईल.

तसा रस्ता बी खराब झालाय. परवाच्या पावसानं माळाकडची वाट वाहून गेली. आन जाऊच्या माहेरी कुणीतरी वारलंय, घरात सुतक हाय. आन माझे गुडघे.

पेपरवाला कशाला बोलवायचा गं मधी? बायकांच्या गोष्टीत पेपरवाल्याचं काय काम? आन त्या पोरीला एवढं रडू यायला काय झालं? एक फांदी तर होती. तिला म्हणावं, गावाकडं असली झाडं लई असतेत, सगळ्यांची नावं लावत बसलं तर जन्म पुरायचा न्हाई. कुंजर ओळखला तेवढं बास.

पुढच्या वर्षी बघू. तोवर झाड फुटलं तर कळवते.

वच्छला


परळी वैजनाथ
१९ ऑगस्ट २०२४

वच्छला,

संस्कृती म्हणती, शेळीनं वरून खाल्लं तरी मूळ जमिनीतच असणार. खोदून बघू. मूळ न्हाई घावलं तर तिथली माती नेऊ, मातीत बी असतं. शेळी बी दाखव म्हणती, पेपरवाला तिचा बी फोटो काढंल.

वाट वाहून गेली तर आमी चिखलातून चालू, डोंगर चढणाऱ्या बायका आमी. सुतक तुझ्या जाऊच्या माहेरचं, ते तुझ्या घरात कसं आलं गं? तुझे गुडघे मात्र खरे हायत, तेवढ्यासाठी तेल पाठवलंय.

आमी येतोच. माळावर नंतर जाऊ, आधी थेट तुझ्या घरी. इतकी वर्षं तू माझ्या घरात उठली-बसलीस, माझ्या डब्यातली सुपारी न इचारता काढून खाल्लीस. मी तुझं गावचं घर अजून बघितलं न्हाई. तू एकदा बी ये म्हणली न्हाईस, पण मी तुझ्या म्हणण्याची कशाला वाट बघू? तुझ्या हातची ज्वारीची भाकर खाल्ल्याशिवाय उठणार न्हाई. पत्ता नीट लिही. कोणत्या गल्लीत, कुणाच्या घराशेजारी.

अमीरबी


तेलगाव
२३ ऑगस्ट २०२४

अमीरबी,

येणारच म्हणतीस तर या. पण घरी नको. पोळ्याच्या आदला दिवस, बैल धुणं, खांदेमळणी, सारवण, घरात पाय ठेवायला जागा नसंल. तुमी फाट्यावर सुंदररावाच्या हॉटेलात बसा. चांगली बाकडी हायत, पंखा बी हाय. मी तिथंच डबा घेऊन येते. भाकरी, ठेचा, पिठलं, सगळं आणते. मग तिथूनच परस्पर माळावर जाऊ.

आन कुणी इचारलंच कुणाकडं आलात, तर म्हणा, परळीच्या शाळेची माणसं हावोत, झाडं बघायला आलोत. माझं नाव घ्यायची गरज न्हाई.

तू मनावर घेऊ नको. माझं काही न्हाई गं, पण गीताबाईचं तोंड तुला माहीत न्हाई.

वच्छला


परळी वैजनाथ
२६ ऑगस्ट २०२४

वच्छलाबाई,

तुमचं झाड आलं त्याच दिवशी बुडालं. वाळकं फूल नीट बघायचं तर संस्कृती ते कोमट पाण्यात टाकून नरम करती, तिची ती रीतच हाय. टाकलं, तर फुलं सुटली आन तरंगायला लागली. वाटीच्या तळाला डिंक. काडी रानतुळशीची, फुलं विष्णुक्रांतेची, डिंक बाभळीचा. तिनं भिंग लावलं तवाच तिला हासू आवरंना, म्हणून तोंडावर हात ठेवलता. डोळ्यांत पाणी आलं ते बी हासून. असं झाड तिनं जन्मात बघितलं नव्हतं, हे खरंच हाय ना? मी एक शब्द खोटा लिहिला न्हाई. पेपरवाला तेवढा खोटा. तो मी घातला.

पोरगी म्हणली, "काकू, तुमची मैत्रीण तुमच्यापायी किती जळती!" तुला खरं सांगू? मला लई बरं वाटलं. ह्या वयात कुणी आपल्यासाठी गुडघे दुखत असताना माळावर जाऊन नखाएवढी फुलं येचतंय, वाळवतंय, एकेक चिकटवतंय. दिवसभर मी घरात एकटीच हासत होते. मग मीच संस्कृतीला म्हणलं, जीप काढू, तिच्या दारात जाऊन उभं राहू आन म्हणू, दाखव झाड! तुझं तोंड बघायचंतं मला. तुझं घर बघायचंतं. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप.

आन तू लिहिलंस, फाट्यावर बसा.

जूनमधी मी तुला फोन केलता. तुझ्या सुनेनं उचलला. म्हणलं, अमीरबी बोलते. ती म्हणली, "कोण अमीरबी?" मी म्हणलं, परळीची, तुझ्या सासूच्या शेजारची. "आई कधी बोलल्या न्हाईत," म्हणली. मी मनाची समजूत घातली, नवी सून हाय, तिला काय माहीत. तौसीफ म्हणायचा, अम्मी, मावशी मला गावात येऊ देत न्हाई. मी त्यालाच रागावले. म्हणलं, तुझा टेम्पो मोठा हाय, गल्ल्या अरुंद हायत.

तू माझ्या घरी बसून शीरखुर्म्याची वाटी बोटानं निपटायचीस. तवा चालायचं. तुझा नवरा गेला त्या दिवशी तुझ्या घरात चूल पेटली न्हाई, माझ्या घरून डबा आला. तवा बी चाललं. आता मी शाळेची माणसं झाले. इथं गल्लीत मी सगळ्यांना तुझी पत्रं वाचून दाखवते, आन तुझ्या गावात माझं नाव बी काढायचं न्हाई.

तू संस्कृतीवर जळलीस. मी कुणावर जळू सांग? तुझ्या गीताबाईवर जळते मी. रोज सकाळी ती तुझ्या चुलीपाशी येऊन बसती आन नाक मुरडती. मला ती जागा दिली असतीस तर मी नाक मुरडलं नसतं.

जीपवाल्याला नको म्हणून सांगितलंय. हे पत्र देऊन झालं की तौसीफ फाट्यावर थांबणार न्हाई. पाकिटं आता नकोत.

अमीरबी


तेलगाव
२९ ऑगस्ट २०२४

अमीर,

मला वच्छलाबाई म्हणायचं न्हाई. शिव्या दे, पण ते नको.

तौसीफ थांबणार न्हाई म्हणलीस. तो आज माजलगावहून परत येताना मी फाट्यावर रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ब्रेक लावला बिचाऱ्यानं. म्हणला, मावशी, अम्मीनं न्हाई सांगितलंय. मी म्हणलं, तुझ्या अम्मीला मी बघून घेते, चल घरी. आता तो आमच्या ओसरीवर बसून जेवतोय आन मी हे लिहिते. त्याचं जेवण व्हायच्या आत लिहून संपवायचंय, त्यामुळं अक्षर असंच येणार.

फुलांचं म्हणशील तर त्याची मला लाज न्हाई. कशी बसवलती सांग बरं? पाणी लागलं नसतं तर पत्ता लागला नसता कुणाला.

फाट्याची लाज वाटती. परळीहून गावी आले तवा पहिल्याच आठवड्यात गीताबाईनं इचारलं, "त्या गल्लीत राहत होतीस, त्यांच्या घरचं खात-पीत होतीस का?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "छे, पाणी बी न्हाई." कावून म्हणलं देव जाणे. नवी नवी होते, विधवा होते, दिराच्या शेजारी राहायचं होतं, भ्याले. एकदा म्हणलं ते म्हणलं, मग ते झाकायला तुझं नावच घ्यायचं सोडलं. तुझं पाकीट पदराखाली घालून आणायचे. भ्याले म्हणून तुला विसरले न्हाई. पण तुला त्याचं काय करायचंय, खरं हाय.

तुझं पत्र मी परवा चुलीपाशी वाचलं. वाचता वाचता रडायला लागले. तेवढ्यात गीताबाई आली. "कुणाचं गं?" म्हणली. मी म्हणलं, "माझ्या मैत्रिणीचं. अमीरबीचं. परळीच्या. तिच्या घरचं पाणीच काय, शीरखुर्मा खाल्लाय मी, मटण खाल्लंय, तिच्या पांघरुणात झोपलेय. तुझ्याशी खोटं बोलले. आता काय म्हणायचं ते म्हण." करिष्मा तव्यावर भाकर टाकून तशीच उभी. भाकर जळाली.

मी वाट बघत होते, आता ही गाव गोळा करंल. तर तिनं माझ्या हातातल्या पाकिटाकडं बोट केलं. मग म्हणली, "ती पाकिटं तिची येतेत व्हय? मला वाटायचं पेन्शनीचे कागद." मी म्हणलं, तिचीच. "काय लिहिती ती?" मी म्हणलं, काही बी. मोरीपाशी काय उगवलं, डोंगरावर काय बघितलं, कोणतं पान कशाचं.

तर अमीर, गीताबाईच्या डोळ्यांतून टपटप पाणी. म्हणली, "बाटलीस म्हणून मी एक दिवस बोलले असते, दुसऱ्या दिवशी गप बसले असते. पण तू आल्यापासून मी रोज इथं येऊन बसते. तू माझ्याशी मीठ-मिरचीपलीकडं कधी बोललीस? मला वाटलं तुझा सोभावच घुमा हाय. आन तू तिकडं पानंच्या पानं लिहितीस. मला हाय का कुणी पानं लिहिणारं? ये म्हणून कुणी हाक मारतं का मला? नाक मुरडते तवा तरी तू माझ्याकडं बघतीस." आन उठून गेली. इतके दिवस मी तिच्या जिभेला भीत होते आन ती माझ्या चुलीपाशी काय मागत बसलती ते मला दिसलं न्हाई.

सगळंच गोड झालं असं समजू नको. दिरांच्या कानावर गेलं. ते ताट अर्धं टाकून उठले आन माझ्याशी बोलत न्हाईत. राम म्हणला, "आई, आधी सांगायचं ना, आता लोक मला इचारतेत." मी म्हणलं, इचारू दे, तू त्यांना माझ्याकडं पाठव. दीर उपाशी किती दिवस राहतेत ते बी बघते.

तर आता जीपवाल्याला परत सांग. रविवारी ये. फाट्यावर थांबायचं न्हाई. मारुतीच्या देवळावरून सरळ आत आलीस की कडुनिंबाखालचं घर, पोरंसोरं बी दाखवतील, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय अमीरबी येणार हाय म्हणून. संस्कृतीला बी आण. ती मला आवडणार न्हाई, हे आत्ताच सांगून ठेवते. पण आमच्या बांधावर एक येल चढलाय, त्याचं नाव मला खरंच ठाऊक न्हाई, डिंक-बिंक काही न्हाई. फुलावर आलाय. तिला दाखवीन, पण आधी तुला.

आन एक. गीताबाई आज सकाळी परत आली. भाजीला नाव ठेवलं न्हाई. म्हणती, रविवारी स्वैपाक मी करणार, अमीरबीला मी वाढणार, पंगतीला तिच्या शेजारी मी बसणार. शेत बी मीच फिरवून दाखवीन, तुझे गुडघे दुखतेत. वर म्हणती, तिला म्हणावं मला बी एक पत्र लिहीत जा, मी करिष्माकडून वाचून घेईन.

अमीर, मी काय सांगते ते नीट ऐक. तिला पत्र लिहायचं न्हाई. तिनं पाया पडून मागितलं तरी न्हाई. लिहिलंसच तर कार्डावर लिही, चार ओळी, त्यात झाडापानांचं काही नको. आन रविवारी जीपमधून उतरलीस की ती पुढं होऊन तुझा हात धरंल, तिचा सोभाव हाय तसा. धरू दे. पण तू आधी माझ्याकडं बघ.

तौसीफनं हात धुतला. पाठवते.

तुझी
वच्छला